गोल म्हणजे पाच

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे, अंतर मोजणारी. लांबी तीस मीटर, रंग पिवळा, आणि पहिलं मीटर तुटलेलं. ते तुटकं मीटर मी आधीच कबूल करून टाकते, कारण पुढे त्याच्यावरूनच माझ्यावर नाही नाही ते आळ आले. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मला चारचौघांत खोटी म्हटलं गेलं आहे आणि ते मी विसरलेली नाही.

काचेचे बारीक धागे, त्यांवर प्लास्टिकचा लेप, लेपावर काळे आकडे आणि दर मीटरला एक लाल आकडा, असा माझा जन्म झाला. कारखान्यातून मी वसईच्या एका हार्डवेअरच्या दुकानात आले आणि खिळ्यांच्या डब्यांमागे वर्षभर धूळ खात पडले. मग जेफ्री नावाचे एक सुतार आले. त्यांनी मला पूर्ण उलगडलं, दुकानाच्या फरशीवर अंथरलं, खिशातल्या लोखंडी पट्टीशी ताडून पाहिलं आणि मगच विकत घेतलं. त्यांचा मुलगा फिलिप बहारीनला कामाला निघाला होता. त्याच्या हातात मला देत ते म्हणाले, "तिकडं सगळं मिळेल. पण माप आपलं घेऊन जा."

सुक्या बोंबलांच्या पुडक्याशेजारी बसून मी समुद्र ओलांडला. त्या वासाबद्दल माझी आजही तक्रार आहे.

फिलिप तुबलीच्या एका वर्कशॉपमध्ये लागला. तिथे फलक बनतात. दुकानांचे, दवाखान्यांचे, शाळांचे. चौकट वेल्डिंग करायची, तिच्यावर छापलेलं कापड ताणायचं आणि सांगतील तिथे नेऊन उभी करायची. कुठे उभी करायची ते मी सांगत असे. बावीस वर्षं सांगितलं. वर्कशॉपचे मालक मुनाफभाई मूळचे रत्नागिरीकडचे. ते म्हणत, "फिलिपच्या टेपनं मोजलं ना? खलास. परत मोजू नका." एवढं कौतुक मला पुरे होतं.

पहिलं मीटर गेलं ते सखीरला. गाड्यांच्या शर्यतीच्या रस्त्याशी फलक लावताना एका ट्रेलरचं चाक माझ्या टोकावरून गेलं आणि टोकाची कडी तुकड्यासकट उडाली. दुसरा कोणी असता तर त्यानं मला कचऱ्यात टाकलं असतं. फिलिपनं तुटकी कड कात्रीनं सरळ कापली आणि तेव्हापासून तो एकच्या लाल आकड्यापासून मोजू लागला. अकरावर आलं की दहा, सोळावर आलं की पंधरा. एक सोडून मोजायचं, इतकं साधं गणित. ते वर्कशॉपमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणाला कधी त्याची अडचण झाली नाही.

मग शैलेंद्र आला.

पुण्याचा इंजिनीअर, वय एकतीस, शर्टाच्या खिशात दोन पेनं. पहिल्याच दिवशी त्यानं टेबलावर एक लेझर ठेवला. बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि पडद्यावर अंतर येतं. माझ्याकडे बघून तो फिलिपला म्हणाला, "हे काय म्युझियममधून आणलंत का?" बाकीचे हसले. फिलिप हसला नाही. मला तर तेव्हापासून त्या लाल ठिपक्याचं तोंड बघायची इच्छा उरली नाही.

शैलेंद्रला आणखी एक खोड होती. तो आकडे मराठीत लिहायचा. चौकटीवर खडूनं, कागदावर पेननं, सगळीकडे मराठी. फिलिप इंग्रजीत लिहितो हे पाहून त्यानं त्याला सगळ्यांसमोर सुनावलं, "अहो, मराठी माणूस ना तुम्ही? मग आकडे मराठीत लिहायला लाज वाटते?" चोपन्न वर्षांच्या माणसाला, मित्रांनो, ज्याच्या घरी आजही मराठीत प्रार्थना होते, त्याला हा शहाणा मराठी शिकवत होता. फिलिपनं मान खाली घातली आणि चौकट घासत राहिला. मला त्याची कीव आली आणि रागही आला. त्यानं तेव्हाच चार शब्द ऐकवले असते तर पुढचं रामायण टळलं असतं.

इथे दर चार वर्षांनी निवडणूक येते. ती आली की आमच्या वर्कशॉपमध्ये चेहऱ्यांची रांग लागते. माणसाहून मोठे चेहरे, सगळे हसरे, सगळे माझ्याच मापानं उभे राहणारे. मत देणं आमच्यापैकी कोणाच्याच नशिबात नाही. आम्ही नुसते चेहरे उभे करणारे. पण उभे करण्याचे नियम असतात आणि ते कडक असतात. झाडाला बांधायचं नाही, दिव्याच्या खांबाला टेकवायचं नाही, मशीद आणि शाळेच्या दारात नाही, परवानगीचा नंबर फलकाच्या कोपऱ्यात हवा, आणि सिग्नलपासून ठरलेलं अंतर सोडायचं. त्या वर्षी उमेदवाराच्या कचेरीतून नियमांचा जो कागद आला तो सगळा अरबीत होता.

उमेदवार हलिमा नावाच्या बाई होत्या. त्यांचा सगळ्यात मोठा फलक उम्म अल हस्समच्या सिग्नलजवळ लागायचा होता. मुनाफभाईंनी कागद शैलेंद्रकडे दिला. शब्द त्यानं फोनमध्ये भाषांतर करून घेतले. आकडे मात्र फोनला विचारायची त्याला गरज वाटली नाही.

"सिग्नलपासून दहा मीटर," तो म्हणाला.

फिलिपनं त्याच्या खांद्यावरून कागद पाहिला. एक उभी रेघ आणि तिच्या शेजारी एक गोल. "सर, पंधरा हाय ते."

"कुठं पंधरा दिसतंय तुम्हाला? एकावर शून्य. दहा."

"यांचा गोल म्हणजे पाच, सर. शून्याला हे लोक नुसता ठिपका देतात."

शैलेंद्र खुर्चीत मागे रेलला. "फिलिप, आकडे यांच्याकडे गेले कुठून? आपल्याकडून. शून्य आपलं. आणि तुम्ही मला सांगताय गोल म्हणजे पाच? पहिलीतलं पोर हसेल." आणि त्यानं पेन काढून त्या ओळीखाली रेघ मारली आणि समासात, ठसठशीत, आपल्या लाडक्या मराठी आकड्यांत लिहिलं: १०.

आता मी जे सांगते आहे ते फिलिपच्या बाजूचं नाही. पण मी मोजणारी आहे, एकाच बाजूनं मोजता येत नाही मला. फिलिपला ठाऊक होतं की पंधरा आहे. बावीस वर्षं तो या देशाच्या नोटा हाताळत होता, त्याला गोल आणि ठिपका कळत नव्हता होय? तो मुनाफभाईंकडे जाऊ शकला असता. गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सिग्नलच्या कडेला त्यानं माझं टोक धरलं, मला ताणलं आणि अकराच्या लाल आकड्यावर खडूची खूण केली. बरोबर दहा मीटर. बोटभरही जास्त नाही. त्याच्या हाताचा दाब मला कळत होता. एरवी तो मला हलका धरतो. त्या दिवशी त्यानं मला दातओठ खाऊन ताणलं होतं. पडू दे तोंडावर, असं त्याच्या मनात होतं. माझ्याही होतं, खोटं कशाला बोलू?

तोंडावर पडायची वेळ आली, पण भलत्याची.

तीन दिवसांत तक्रार झाली. समोरच्या उमेदवाराच्या माणसांनी अंतर मोजलं होतं, पंधराऐवजी दहाच भरलं होतं. म्युनिसिपालिटीनं फलकावर लाल चिकटपट्टी लावली आणि वर्कशॉपकडून खुलासा मागवला. हलिमाबाईंच्या कचेरीतून फोन आला आणि मुनाफभाई पाच मिनिटं नुसतं "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" म्हणत उभे राहिले. फोन ठेवल्यावर ते शैलेंद्र आणि फिलिप दोघांसमोर आले.

"बावीस वर्षांत असा फोन आला नाय मला. गुरुवारी निरीक्षक जाग्यावर येणार. त्याच्या आत मला कळलं पाहिजे, चूक कोणाची. ज्याची चूक त्याचा व्हिसा मी कॅन्सल करणार. मग तो इंजिनीअर असो नाहीतर कोणी."

फिलिपचं तोंड उघडायच्या आत शैलेंद्रनं मला हुकावरून ओढून टेबलावर आपटलं.

"ही बघा, मुनाफभाई. पहिलं मीटरच नाहीये हिला! असल्या खोट्या टेपनं मोजल्यावर पंधराचे दहा नाही होणार तर काय? मी पंधराच सांगितलं होतं."

मी पंधराच सांगितलं होतं! मित्रांनो, त्या क्षणी मला तोंड असतं तर मी चावले असते.

"खोटं बोलतो हा," फिलिप म्हणाला. पण त्याचा आवाज चढला आणि चढल्या आवाजाला कोणी खरं मानत नाही. एक मीटर गेल्यानं पाच मीटरचा फरक कसा पडेल, हे रागाच्या भरात कोणी विचारलं नाही. मुनाफभाई माझ्या तुटक्या टोकाकडे बघत राहिले. बावीस वर्षं ज्या टेपवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तिच्याकडे ते आता डोळे बारीक करून बघत होते. त्याच संध्याकाळी शैलेंद्रनं एक पत्र टाइप केलं: टेप सदोष होती, फिलिपनं ती कोणाला न सांगता वापरली आणि त्याबद्दल तो जबाबदारी घेतो आहे. खाली सहीची जागा रिकामी.

"सही करा," तो फिलिपला म्हणाला. "मी मुनाफभाईंशी बोलतो. दोन महिन्यांची नोटीस मिळवून देतो. नाही केलीत तर लगेच जावं लागेल."

फिलिपनं पत्राची घडी घातली, मला पिशवीत टाकलं आणि घरी आला.

त्याचं घर उम्म अल हस्सममध्येच, तिसऱ्या मजल्यावर. बायको टेरेसा आणि मुलगी शर्लिन. दोघींचा इथला मुक्काम फिलिपच्या व्हिसावर. शर्लिन बारावीला होती आणि मार्चमध्ये तिची बोर्डाची परीक्षा होती. दोन महिन्यांची नोटीस म्हणजे जानेवारी. परीक्षेच्या तोंडावर शाळा सोडून वसईला परत. एवढा हिशेब मलाही येतो.

टेरेसानं पत्र वाचलं. मग तिनं मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. सासऱ्यांची आठवण म्हणून ती मला नेहमी कापडानं पुसून ठेवायची.

"ही खोटी हाय?" तिनं विचारलं.

"नाय."

"मग सही कशाला? पप्पांची टेप खोटी म्हणून लिहून देणार तू?"

"माझं कोण ऐकणार, टेरेसा? तो इंजिनीअर. मी नववी नापास."

"डॅड, जस्ट टेल देम ना," शर्लिन पुस्तकातून मान वर करून म्हणाली. "यू न्यू इट वॉज फिफ्टीन, राइट?"

फिलिप पत्राची घडी घालत बसला. टेरेसा त्याच्याकडे बघत राहिली. तिला नवऱ्याची नस ठाऊक होती.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याची खोड मोडायला म्हणून तू गप्प राहिलास. पोरीचं वरीस पणाला लावलंस, फिलिप."

पत्र फिलिपनं सही न करता माझ्या चाकात, माझ्या वेटोळ्यांच्या मध्ये खोचून ठेवलं. ते टोचत होतं मला, पण मी सहन केलं.

गुरुवारी सकाळी सगळे सिग्नलजवळ जमले. मुनाफभाई, शैलेंद्र, फिलिप, आणि म्युनिसिपालिटीचे निरीक्षक ताहिर. पांढराशुभ्र झगा, हातात फाइल, आणि वर्षानुवर्षं हिंदुस्थानी लोकांशी बोलून बोलून तयार झालेली हिंदी. शैलेंद्रनं पुढे होऊन लेझर काढला. बटण दाबलं. नोव्हेंबरचं ऊन लख्ख पडलं होतं. लाल ठिपका कुठेच दिसेना. त्यानं हात आडवा धरला, वाकला, दोनदा फलकापर्यंत पळत जाऊन आला. पडद्यावर नुसत्या रेघा. मी फिलिपच्या पिशवीत होते आणि मला फार बरं वाटत होतं.

"मफी फायदा, काम का नहीं," ताहिर म्हणाले. "टेप है?"

फिलिपनं मला बाहेर काढलं. माझ्या चाकातून घडी केलेलं पत्र खाली पडलं, ते त्यानं उचलून खिशात टाकलं. मग मला ताणलं. अकरा.

"देखा, सर?" शैलेंद्र लगेच म्हणाला. "अकरा दाखवतेय. कधी दहा, कधी अकरा. टेप खराब आहे. मैं यही बोल रहा था."

"एक छोडके नापता है, साब," फिलिप म्हणाला. "आगे का टूटा है. बाकी सब ठीक."

ताहिरनी गाडीतून आपली लोखंडी टेप आणली, छोटी, पाच मीटरची. मग झगा सावरून ते रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले आणि तिला माझ्याशेजारी ठेवलं. माझ्या एकपासून सहापर्यंत, मग सहापासून अकरापर्यंत. बावीस वर्षांनी पुन्हा कोणीतरी मला जमिनीवर अंथरून लोखंडाशी ताडून बघत होतं. मला जेफ्रींची आठवण आली. माझा श्वास अडकला होता, असेल तर.

"सेम," ताहिर उठत म्हणाले. "टेप बराबर. दस मीटर." आणि त्यांनी दोघांकडे पाहिलं. "कागज में पंद्रा. तुम दस में क्यूँ लगाया?"

"मी पंधरा सांगितलं होतं," शैलेंद्र म्हणाला.

"दस बोला, साब," फिलिप म्हणाला.

"पंधरा!"

"दस."

दोघं रस्त्यात कोंबड्यांसारखे उभे ठाकले. मुनाफभाईंनी कपाळाला हात लावला. मी खरी ठरले होते, आणि तरी फिलिप सुटला नव्हता. टेपनं अंतर सांगता येतं. कोण काय बोललं ते मला कुठं सांगता येतं?

ताहिरनी हात पुढे केला. "तुम्हारा कागज दिखाओ."

शैलेंद्रनं आपल्या फाइलमधून नियमांचा कागद काढून दिला. बिनधास्त दिला. समासात आपण काय लिहून ठेवलं आहे ते तो पार विसरून गेला होता. ताहिरनी ओळ वाचली, खालची रेघ पाहिली आणि समासाशी येऊन थांबले. कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला.

"पंचानबे?" ते म्हणाले. "ये पंचानबे कौन लिखा? किधर पंचानबे मीटर?"

कोणाला काही कळेना. मुनाफभाई वाकून बघायला लागले. "पंचानबे? कुठाय?"

ताहिरनी बोट ठेवलं. बोटाखाली शैलेंद्रचा ठसठशीत १० होता.

मित्रांनो, तुम्ही कधी अरबी नऊ पाहिला आहे का? वर एक गाठ आणि खाली शेपूट. आपल्या मराठी एकासारखा. आणि गोल म्हणजे पाच हे तर फिलिपनं आधीच सांगितलं होतं. ताहिर आपल्या मराठी दहाला पंचाण्णव वाचत होते, अगदी प्रामाणिकपणे, त्यांच्या शाळेत शिकवलं तसं.

फिलिप हळू आवाजात म्हणाला, "साब, वो तुम्हारा पंचानबे नहीं. वो हमारा दस है. मराठी में."

ताहिर त्याच्याकडे बघत राहिले. मग छापलेल्या पंधराकडे पाहिलं. मग समासातल्या दहाकडे. मग पुन्हा पंधराकडे. आणि ते मोठ्यानं हसले. रस्त्यावरचे लोक वळून बघायला लागले इतकं हसले. "मैं इसका दस को पंचानबे पढ़ा," ते मुनाफभाईंना म्हणाले, "और ये हमारा पंद्रा को दस पढ़ा! खलास!"

"अक्षर कोणाचं हे?" मुनाफभाईंनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. वर्कशॉपमध्ये मराठी आकडे लिहिणारा एकच होता, आणि त्याचा त्याला फार अभिमान होता.

शैलेंद्रचे कान लाल झाले. तो लेझर खिशात घालायला लागला, पण खिशात पेनं होती, तो आत जाईना.

फिलिपनं खिशातलं पत्र काढून मुनाफभाईंच्या हातात दिलं. मुनाफभाईंनी ते वाचलं आणि चार तुकडे केले. "फलक पाच मीटर मागे घ्या," ते म्हणाले. "यल्ला, लागा कामाला. आणि फिलिप, पुढच्या वेळी मला येऊन सांग. गप्प बसायचा पगार देत नाय मी."

तुम्हाला वाटेल, शैलेंद्रला घरी पाठवलं असेल. मलाही तसंच वाटलं होतं आणि मी वाट बघत होते. पण नाही. त्याच्या सहीशिवाय नकाशे पास होत नाहीत, म्हणून तो राहिला. त्यानं फिलिपची माफी मागितली नाही. माझी तर नाहीच. उलट महिन्याभरात त्यानं भिंतीवर एक यादी लावली, वर्कशॉपचे नवे नियम. त्यातला चौथा होता: टोक तुटलेली मोजमापाची साधनं वापरायची नाहीत. नियम बरोबर होता, हेच त्यातलं विष. मुनाफभाईंनी मान हलवली आणि मला कचऱ्याच्या पिंपात टाकण्यात आलं. खरी ठरल्याबद्दल मला मिळालेलं बक्षीस ते.

फिलिपनं मला पिंपातून काढून घरी आणलं. आता मी त्याच्या बाल्कनीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेली आहे. कपडे वाळत घालतात माझ्यावर. दोनवर टेरेसाचा गाऊन, तीनवर फिलिपचा निळा युनिफॉर्म, चारवर शर्लिनचा शाळेचा शर्ट. तो शर्ट जानेवारीत माझ्यावर वाळला, फेब्रुवारीत वाळला आणि मार्चमध्ये प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी वाळला. त्याचं ओझं मी आनंदानं पेललं.

मित्रांनो, मला तेल लावा, पुसून ठेवा, असं सांगायला मी ही कहाणी सांगितली नाही. टेरेसा पुसते मला, मला काही कमी नाही. माझं मागणं वेगळं आहे. एखादी वस्तू तुटलेली दिसली म्हणून तिला खोटी म्हणू नका. आपली चूक तिच्या गळ्यात घालू नका, तिला बोलता येत नाही. आणि समोरचा चुकतो आहे हे दिसत असताना मजा बघत गप्प बसू नका. पुढे होऊन सांगून टाका. नाहीतर घरात बारावीची मुलगी असते आणि माप भलत्याच माणसाचं निघतं.

परवा शुक्रवारी फिलिप माझ्यावर कपडे वाळत घालत होता. फोन वाजला. शैलेंद्र होता. नव्या कामाचा अरबी कागद आला होता. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं.

"फिलिप... हा फोटो पाठवलाय तुम्हाला. यात तो शेवटचा आकडा... तो किती आहे हो?"

फिलिपनं फोटो पाहिला. त्याला उत्तर पाहताक्षणी कळलं होतं, हे मी शपथेवर सांगते.

"सांगतो, सर. थांबा," तो म्हणाला आणि फोन कठड्यावर ठेवला. मग त्यानं बादलीतून एक मोजा काढला, पिळला, झटकला आणि चिमटा लावला. मग दुसरा काढला. फोनमधून मधूनमधून "हॅलो? हॅलो?" ऐकू येत होतं. दुसऱ्या मोज्यालाही चिमटा लावून झाल्यावर त्यानं हात पुसले आणि फोन उचलला.

"पाच, सर," तो म्हणाला. "गोल म्हणजे पाच."